अपरोक्ष म्हणजे समोर की पाठीमागे? असे उलटे वाटणारे शब्द अजून कुठले?

पंचवटीकर:
नमस्कार मंडळी. मी नाशकात एका पतसंस्थेत कामाला आहे. परवा एका सभासदाच्या तक्रारीला उत्तर लिहिलं, त्यात "सदर व्यवहार आपल्या अपरोक्ष झालेला नाही" असं टाकलं, म्हणजे तुमच्या पाठीमागे काही केलेलं नाही. आमच्याकडे संस्कृतचे एक रिटायर्ड सर येतात, ते म्हणाले अहो हे उलटं झालं, अक्ष म्हणजे डोळा, परोक्ष म्हणजे डोळ्याआड आणि अपरोक्ष म्हणजे डोळ्यादेखत, म्हणजे त्यांच्यासमोर व्यवहार झालाच नाही असं तुम्हीच लिहून देताय! दोन दिवस तेच डोक्यात आहे, कारण आई लहानपणापासून सांगायची "माझ्या अपरोक्ष कपाटाला हात लावायचा नाही". बरोबर कोण?

गोदाकाठ:
दोघंही. संस्कृतात सरांचाच अर्थ, वेदान्तात अपरोक्ष ज्ञान म्हणतात ते स्वतः थेट अनुभवलेलं. पण मराठीत तो पाठीमागे या अर्थाने इतका रुळलाय की आईची चूक काढायची गरज नाही. फक्त सहीशिक्क्याच्या कागदावर नको, तिथे सरळ गैरहजेरीत लिहा.
माझा शब्द निर्घृण. पेपरात निर्घृण खून वाचलं की वाटायचं घृणा म्हणजे किळस, मग निर्घृण म्हणजे किळस नसलेला, हे कसं काय? तर संस्कृतात घृणा म्हणजे दयासुद्धा, ती ज्याच्यात नाही तो निर्घृण. आपल्या बोलण्यातल्या घृणेत आता दया उरलीच नाही, या एका शब्दात तिची खूण राहिलीय, मला याचं फार वाटतं.

निफाडची थंडी:
कमाल! मुलगी सहावीत आहे, कमाल तापमान म्हणजे कमीत कमी असं लिहून आली, ऐकायला कमीसारखंच लागतं ना. मग तिला म्हटलं हिवाळ्यात बातम्यांत आपल्या निफाडचं नाव येतं ते किमान तापमानासाठी. आता नाही चुकत. अवाढव्य पण तसाच, वाढलाच नाही असं वाटतं.

त्र्यंबकरोड:
अघोरी घ्या. घोर म्हणजे भयंकर, मग अघोर म्हणजे भयंकर नसलेला. शंकराच्या पाच मुखांपैकी एक अघोर, आणि त्र्यंबकेश्वरला अभिषेकाला जे रुद्र म्हणतात त्यात देवाच्या अघोरा, म्हणजे सौम्य रूपाला विनवणी आहे. आणि आपण भोंदूबाबाच्या चटके देण्याला अघोरी उपाय म्हणतो. अजून एक, निर्भर्त्सना, यातला निर् नसणं दाखवत नाही, उलट भर्त्सनेला जोर देतो.

पंचवटीकर:
खूप आभार सगळ्यांचे. पत्रात "आपल्या गैरहजेरीत" केलं, सरांनी वाचून ठीक आहे म्हटलं.

जुनं नाशिक:
उशिरा लिहितेय. हे सगळे नकळत उलटे झालेले शब्द, पण आपल्या घरात मुद्दाम उलटे बोलायचे शब्द पण आहेत की. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली की वाढली म्हणायचं. आणि निघताना "जातो" म्हटलं की आमची आजी उंबऱ्यावरून परत आत बोलवायची, पाणी द्यायची आणि "येतो" म्हणवून घेतल्याशिवाय सोडायची नाही. माझे मिस्टर अजून गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जायला निघाले तरी दारातून "येतो गं" म्हणतात.