200 ते 500 मध्ये 7 च्या पटी किती? एकाने उत्तर चुकतंय

पोलीस भरतीची तयारी करतोय. 90 मिनिटांत 100 प्रश्न, त्यामुळे मी सरळ 500 वजा 200, म्हणजे 300 भागिले 7 करतो आणि 42 लिहितो. उत्तरसूचीत 43 आहे. सरावात हे तिसऱ्यांदा झालं, फार जिवाला लागलंय. कुठे चुकतंय?

उत्तर 1
फरकाला भागू नकोस, भाऊ. 500 ला 7 ने भाग, 71 पूर्ण वेळा जातो. 199 ला भाग, 28 वेळा. 71 − 28 = 43. 200 नव्हे, 199 घ्यायचे, कारण 200 च्या आधीच्या पटी तेवढ्या काढून टाकायच्यात.

उत्तर 2
मी वीस वर्षं शिकवणी घेते. मुलांना बांधावर नेऊन दाखवते: 30 फूट कुंपण, दर 10 फुटांवर खांब. खांब तीन नाही, चार लागतात! तुमचंही तसंच. पहिली पट 203 (7×29), शेवटची 497 (7×71). 71 − 29 = 42, आणि पहिला खांब धरून 43.

टोकं मात्र नीट वाचा. 100 ते 300 मध्ये 4 च्या पटी दोन्ही टोकं धरून 51, टोकं वगळून 49. पर्यायांत दोन्ही आकडे हमखास असतात.

प्रश्नकर्ता
खांबांचं लगेच डोक्यात बसलं, ताई. 4 आणि 6 दोन्हींनी भाग जाणाऱ्या विचारल्या तर 24 ने भागायचं ना?

उत्तर 2
नाही, लसावि 12 ने. 36 घेऊन बघा.