मदत हवी आहे: जुन्या टेपमधली गोल हलगी अंड्यासारखी दिसतेय

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय.

बाबांनी २००६ साली मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर सिद्धेश्वर यात्रेचं शूटिंग केलं होतं. सातही नंदीध्वज, बाराबंदीतले भक्त, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, सगळं दोन टेपांत आहे. बाबा आता नाहीत. संक्रांतीला सगळे घरी जमतात तेव्हा टीव्हीवर लावावं म्हणून टेपा बाहेरून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या.

पहिल्या टेपची फाइल ७२० बाय ५७६ आहे. प्रीमियर प्रो या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये १९२० बाय १०८० चा सीक्वेन्स (ज्या चौकटीत क्लिप बसवतात ती) घेतला. दोन्ही बाजूंना काळं राहिलं म्हणून रुंदी ताणली, तर काका ओळखू येईनात इतके जाडे झाले. ताणणं काढलं तर आता सगळेच किंचित उभट वाटतात. हलगीवाला अगदी कॅमेऱ्यासमोर आहे आणि त्याची हलगी अंड्यासारखी दिसते. फाइलच्या माहितीत पिक्सेल अस्पेक्ट रेशो, म्हणजे पिक्सेलची रुंदी भागिले उंची, १.० दिसतो. ७२० ला ५७६ ने भागलं तर १.२५ येतात, पण जुना टीव्ही ४:३ म्हणजे १.३३ ना? नेमकं कुठे चुकतंय?

प्रतिसाद

तुमचा भागाकार बरोबर आहे आणि गोम तिथेच आहे. मिनीडीव्हीचा पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, चौरस नसतो. डिजिटल व्हिडिओच्या १९८२ च्या ६०१ नंबरच्या मानकात आपल्याकडची पॅल आणि अमेरिकेतली एनटीएससी या दोन्ही टीव्ही पद्धतींसाठी १३.५ मेगाहर्ट्झ हा एकच सॅम्पलिंगचा (ओळीतले ठिपके टिपण्याचा) वेग ठरला. म्हणून दोन्हीकडे एका ओळीत ७२० ठिपके. ओळी मात्र वेगळ्या, ५७६ आणि ४८०. मग पॅलचा ठिपका थोडा आडवा निघतो आणि एनटीएससीचा थोडा उभा. जुना टीव्ही हे आपोआप सांभाळायचा. तुमची फाइल उतरवताना ठिपक्याच्या आकाराची ही खूण पुसली गेली, त्यामुळे प्रीमियर ठिपका चौरस धरतोय.

सेटिंग बदलण्याआधी एक करा. हलगी तिरकी धरली असेल तरी लांबट दिसते, तिच्यावर विसंबू नका. समोरून सरळ टिपलेली एखादी गोल वस्तू शोधा आणि मूळ फाइलच्या स्थिर चित्रात तिची रुंदी-उंची मोजा.

धागाकर्ता

मिळाली! टेपच्या सुरुवातीला बाबांनी कॅमेरा तपासायला आमच्या बैठकीतलं भिंतीवरचं घड्याळ टिपलंय. सहा वाजून दहा मिनिटं. रुंदी २२०, उंची २४० पिक्सेल.

प्रतिसाद

२४० भागिले २२०, म्हणजे सुमारे १.०९. घड्याळ गोल दिसायला ठिपका तेवढ्या पट रुंद हवा. हेच हवं होतं.

प्रोजेक्ट पॅनेलमध्ये क्लिपवर राइट क्लिक, मॉडिफाय, इंटरप्रिट फूटेज. तिथे कन्फॉर्म टू निवडून डीव्ही पॅल १.०९४० घ्या. काही ठिकाणी १.०६७ वाचाल. तो आकडा पूर्ण ७२० ठिपके ४:३ मध्ये बसवून येतो. १.०९४ मात्र खरं चित्र साधारण ७०२ ठिपक्यांतच असतं हे धरून काढलाय. सीक्वेन्स चौरस पिक्सेलचाच ठेवा. स्केल १८७.५ टक्के केलं की उंची बरोबर १०८० होते आणि रुंदी जवळपास १४७७. उरलेलं दोन्हीकडचं काळं राहू द्या दादा, कृपा करून ताणू नका. नंदीध्वजाची काठी बुटकी दिसली तर यात्रेची शानच गेली.

धागाकर्ता

घड्याळ गोल झालं! काकाही काकांसारखे दिसायला लागले. मनापासून आभार.

पण हेच सेटिंग दुसऱ्या टेपला लावलं तर माणसं फारच बारीक दिसतात. त्यातही तेच घड्याळ आहे म्हणून मोजलं: १६५ बाय २४०.

प्रतिसाद

२४० भागिले १६५ म्हणजे १.४५. त्या दिवशी बाबांनी कॅमेरा १६:९ वर केलेला होता. फाइल तीच ७२० बाय ५७६ दिसते, फक्त ठिपका जास्त आडवा. या क्लिपला डीव्ही पॅल वाइडस्क्रीन १.४५८७ लावा. १८७.५ टक्क्यांवर रुंदी १९२० पेक्षा थोडी जास्त भरेल, कडा जराशा कापल्या जातील, तेवढं चालतं.

धागाकर्ता

लावलं. दुसरी टेप अक्षता सोहळ्याची आहे, पूर्ण पडदा भरून आली. आईला लगेच बोलावून दाखवली. ती घड्याळाकडेच बघत राहिली, म्हणाली, "हे तर अजून माळ्यावर आहे."