बांगलादेशात हिलसा मासा वाढला, मग आपल्याकडे मासळी का घटली?

हर्णैकर: लिलावाला गेलो की जीव तुटतो हो. 2019 ला महाराष्ट्राची मासळी 2.01 लाख टनांवर आलेली, 45 वर्षांतली सगळ्यात कमी. तिकडे बांगलादेशात हिलसा 2008-09 च्या साधारण 3 लाख टनांवरून 2017-18 ला 5 लाखांच्या वर. काय केलं त्यांनी?

दर्यावर्दी: ऑक्टोबरात अंडी घालायच्या वेळी 22 दिवस पकडणं, नेणं, विकणं सगळंच बंद, पिल्लं पकडायलाही मनाई, आणि त्या काळात मच्छीमाराच्या घरी सरकारी तांदूळ जातो, मला तर तांदूळच महत्त्वाचा वाटतो कारण चूल पेटली तरच माणूस होडी बांधून ठेवेल ना. 2025 पासून त्यांनी समुद्रातली बंदीपण आपल्या पूर्व किनाऱ्याशी जुळवली, 15 एप्रिल ते 11 जून.

मालवणी पोर: 2019 ला क्यार आणि महा वादळं पण होती, बोटी बंदरातच.

दर्यावर्दी: बरोबर. आणि तारलीचं (सार्डिन मासा) बघा, केरळात 2012 ला जवळपास 4 लाख टन, 2021 ला फक्त 3,297 टन. पाणी तापलं की तारली हलते.

हर्णैकर: पण एलईडी लाइट लावून मासे ओढून पकडणं 2017 पासून बंद असून ते लाइट रात्री दिसतातच, ते आधी थांबवा.