विहिरीवरचा मोनोब्लॉक पंप होळीनंतर पाणी उचलत नाही, एक एचपी लावू का?

माहेरवाशीण:

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमचं घर आहे. तिथे आई एकटी असते, वय ६९. अंगणात जांभ्याने बांधलेली जुनी विहीर आहे, व्यास आठ फूट. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी मी अर्धा एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) बसवून घेतला. कठड्याला लागून सिमेंटचा ओटा, त्यावर पंप, वर पत्रा. सक्शनला (पाणी ओढायला) एक इंची पीव्हीसी पाईप, खाली फूटवॉल, म्हणजे पाणी परत विहिरीत जाऊ न देणारी झडप. स्लॅबवर १००० लिटरची टाकी.

फेब्रुवारीपर्यंत बटण दाबलं की पाणी. होळी झाली की रोज सकाळी आईचा फोन, "आज पाणी चढाक नाय गो." मग ती रहाटावरून कळशी काढते, पंपावरचा बूच पान्याने उघडते, तांब्या तांब्याने आत पाणी ओतते, बुडबुडे थांबले की बूच आवळते आणि परत बटण. कधी चढतं, कधी पंप नुसताच घरघरतो. गेल्या मे महिन्यात घरात आम्ही ११ माणसं होतो आणि सगळं पाणी रहाटावर ओढलं. पंप मला त्याच दिवसांसाठी हवा होता. आमचा फिटर म्हणतो एक एचपी लावा, ओढेल. पैसे घालायची तयारी आहे, फक्त आईच्या हातातली ती कळशी सुटली पाहिजे. एक एचपीने काम होईल का?

पाईपफिटिंग_रत्नागिरी:

ताई, एक एचपी घेऊ नका. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण तो पाईपमधला दाब कमी करतो आणि विहिरीवरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हवेच्या दाबाने गणितात ३४ फूट पाणी चढतं. प्रत्यक्षात फूटवॉल, बेंड आणि पाईपचं घर्षण वजा जाता २०-२२ फूट धरा, सगळं फिटिंग चोख असेल तर २५. त्यापुढे पाच एचपी लावला तरी पाणी येणार नाही. एचपीचा उपयोग पंपापासून वर टाकीपर्यंत.

रोज सकाळी पंप भरावा लागतो म्हणजे रात्रीत पाईप रिकामा होतोय. फूटवॉलच्या झडपेत गाळाचा कण अडकला असेल, नाहीतर एखादा जोड हवा घेत असेल. पाणी खोल गेलं की पाईपमधला दाब आणखी कमी होतो आणि एरवी न जाणवणारी फटही हवा घ्यायला लागते.

मला दोन मापं द्या: पंपापासून पाण्यापर्यंत किती आणि तळापर्यंत किती. आणि चालू पंपातून बारीक खडी फिरल्यासारखा आवाज येतो का ते आईंना विचारा. येत असेल तर तसा चालवू नका, आतला इंपेलर (फिरणारा पंखा) खाल्ला जातो.

माहेरवाशीण:

आवाज येतो. आई म्हणते "तांदूळ पाखडल्यासारखो". मापं तिने काल स्वतः घेतली. जुन्या दोराला फुटाफुटावर चिंध्या बांधल्या, टोकाला दगड. पाणी २७ फुटांवर, तळ ३४. गेल्या मेच्या शेवटी पाणी ३१ वर होतं, आतल्या चिऱ्यावर खूण आहे. गणपतीत हेच पाणी सहा फुटांवर असतं. विहिरीत १४ फुटांवर उतरायचा एक टप्पा आहे. पंप तिथे नेला तर?

गुहागरचा_बागवाला:

मी नेमकं हेच केलं होतं, म्हणून लिहितोय. पंप टप्प्यावर ठेवला, मे महिना झकास गेला. जूनमध्ये दोन दिवस सलग पाऊस लागला आणि एका रात्रीत पाणी टप्प्याच्या वर. सकाळी बघतो तर पंप दिसतच नाही. वायंडिंग नव्याने करावं लागलं. त्यानंतर दरवर्षी मेच्या अखेरीस दोन गडी लावून पंप वर घ्यायचा आणि पाणी उतरलं की परत खाली न्यायचा, असं तीन वर्षं केलं. ओल्या चिऱ्यांवरून २० किलोचं धूड वर आणताना एकदा माणूस घसरला, नशिबाने दोर कमरेला होता. तुमच्या आई एकट्या आहेत, टप्प्याचा विचार सोडा.

पाईपफिटिंग_रत्नागिरी:

बागवाल्यांशी सहमत. २७ फुटांवरून ओट्यावरचा पंप पाणी घेणार नाही. तुम्हाला ओपनवेल पाणबुडी मोटर हवी. ती पाण्यातच असते, ओढायचा प्रश्न नाही, रोज भरायचा नाही, पावसात बुडायचं भय नाही.

मेमधलं पाणी ३१ फूट, ओट्यापासून टाकीचं तोंड अंदाजे १५, वर थोडं घर्षण. ५० फूट धरा, म्हणजे १५ मीटर. दुकानदार पेटीवरचा कमाल हेडचा (पाणी चढवायच्या उंचीचा) आकडा दाखवेल, तो बघू नका. तक्त्यात १५ मीटरला किती लिटर पडतात ते बघा. अर्धा एचपी पुरेल.

मोटर नायलॉनच्या जाड दोरावर टांगा, केबलवर किंवा पाईपवर भार नको. तळापासून दीड फूट वर ठेवा, गाळ येणार नाही. पाण्याने भरायची मोटर असेल तर सोडण्याआधी आत स्वच्छ पाणी भरायला विसरू नका. केबल अखंड घ्या, जोड पाण्यात नको. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. आईंना एवढं सांगून ठेवा की विहिरीत कोणी उतरलं असेल तर मेन स्विच बंद.

आणखी एक. आठ फूट व्यासात एक फूट पाणी म्हणजे सुमारे १४०० लिटर. टाकी एकदा भरली की विहीर साडेआठ इंच उतरते. मेमध्ये तीन फूटच पाणी असेल तर एका दमात दोन टाक्या काढू नका, झऱ्यांना वेळ द्या. कोरडी चालली तर ही मोटरही जळते.

माहेरवाशीण:

उशिरा लिहितेय, माफ करा. गेल्या रविवारी मोटर सोडली. मी स्वतः गेले होते. फिटर आधी नाराज होता, मग दोराची मापं त्याला दाखवली, त्यानेही मोजून बघितलं आणि मनापासून काम केलं. काळा एचडीपीई पाईप घेतला, वर कठड्याजवळ युनियन (उघडता येणारा जोड) ठेवलं, म्हणजे उद्या काही झालं तर वरूनच मोटर ओढून काढता येईल. टाकी ४० मिनिटांत भरली. आईने लगेच चिंध्यांचा दोर सोडून बघितला, पाणी पाऊण फुटाला जरा कमी उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परत मोजलं, पाणी मूळ चिंधीवर आलेलं.

जुना मोनोब्लॉक काढून ठेवलाय. रहाट मात्र आई काढू देत नाही, जूनमध्ये दोन-दोन दिवस वीज नसते. त्याचा दोर नवीन आणून दिलाय.