विषय: 2010 ते 2019 – तुमचा आवडता मराठी सिनेमा कोणता?

प्रेषक: सांस्कृतिक समिती

इंग्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळींना नमस्कार.

गणपतीचे हिशेब एकदाचे जुळले. आता दिवाळीच्या आदल्या शनिवारी हॉल 3 तासांसाठी मिळालाय, तेव्हा एक सिनेमा दाखवू म्हणतो. 'नटरंग' 1 जानेवारी 2010 ला लागला, तिथून 2019 च्या 'आनंदी गोपाळ'पर्यंत काहीही चालेल. पुरस्कारांच्या याद्या पाठवू नका, त्या गूगलवर आहेत. तुम्हाला स्वतःला काय आवडलं आणि का, तेवढंच लिहा.

प्रेषक: स्लाऊचे काका

'कट्यार काळजात घुसली'. विषय संपला.

2015 च्या दिवाळीत आला होता, आपणही दिवाळीतच लावू. (यादी नको म्हणालात तरी सांगतो, महेश काळ्यांना गाण्याचा राष्ट्रीय पुरस्कार यातच मिळाला.) आठवडाभर राबून आलेल्या माणसाला शनिवारी डुकरं आणि गटारं दाखवू नका. त्यासाठी बातम्या आहेत.

प्रेषक: लॅपटॉप-प्रोजेक्टर विभाग

काका, डुकरं म्हणजे 'फँड्री' आणि गटारं म्हणजे 'कोर्ट', एवढं कळलं. पण आधी मला एक कबुली द्यायची आहे.

आपण 'सैराट' लावला होता तेव्हा लॅपटॉपपाशी मी होतो. शेवट काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. बाळ घरात शिरतं आणि आवाज बंद. मला वाटलं केबल निघाली. मोबाइलच्या उजेडात खाली वाकून एचडीएमआय उपसली, फुंकर मारली, परत खोचली. पडदा दोन-तीन सेकंद निळा. मान वर करतो तर बाळ रडत बाहेर चाललेलं, फरशीवर लाल पावलं, आणि आवाज अजूनही नाहीच. हॉलमध्ये चिवड्याची पिशवीसुद्धा वाजत नव्हती. अजय-अतुलनी पार लॉस एंजेलिसला जाऊन वाजवून घेतलेलं संगीत दोन तास ऐकवायचं आणि शेवटाला कानात काही म्हणजे काही ठेवायचं नाही! त्या दिवशी कुणी मला बोललं नाही, ते तुमचे उपकार.

तरी माझा आवडता 'सैराट' नाही. 'फँड्री'.

मी पुण्याचा नाही, बार्शीकडचा. आमच्या वर्गात एक मुलगा दाराजवळ बसायचा. त्याच्या घरच्यांची डुकरं होती, म्हणून आम्ही त्याला ज्या नावानं हाक मारायचो ते इथे लिहवत नाही. गंमत अशी की त्याचं खरं नाव मला आठवत नाही, ते मात्र आठवतं. 'फँड्री' पहिल्यांदा पाहिला तेव्हा जब्याकडे, म्हणजे त्यातल्या डुकरं पकडणाऱ्या घरातल्या पोराकडे, माझं लक्षच नव्हतं. त्याला चिडवणाऱ्या पोरांत मी मलाच शोधत होतो. सापडलोही: मागच्या बाजूला उभं राहून हसणारा. शेवटचा दगड कॅमेऱ्याकडे येतो तेव्हा मी मान बाजूला घेतली, घरात एकटा असताना.

आणि ते राष्ट्रगीत. डुकराला चहूबाजूंनी घेरलंय, आता सापडणारच, तेवढ्यात शाळेत 'जन गण मन' सुरू होतं. अख्खं कुटुंब होतं तिथे ताठ उभं, आणि डुक्कर आरामात निघून जातं. आपण दाखवला तेव्हा हॉल हसला आणि हसता हसता मधेच गप्प झाला. पुढच्या रांगेत कुणीतरी खरंच उठून उभं राहिलं होतं. अंधारात ओळखू आलं नाही.

प्रेषक: रेडिंगची काकू

'गुलाबजाम' आला तेव्हा इथल्या निम्म्या पोरांना लंडनच्या बँकेतली नोकरी सोडून त्या आदित्यसारखं पुण्याला स्वयंपाक शिकायला जायचं होतं. एकही गेला नाही. पाकाला तार किती हवी, हे विचारायला फोन मात्र पुष्कळ आले. सोनाली कुलकर्णीची ती तुसडी राधा मला फार आवडली. शिकवणारी बाई गोडच बोलली पाहिजे असं कुठे लिहिलंय?

पण खरं विचाराल तर 'अस्तु'. माझे वडील शेवटची तीन वर्षं व्हिडिओ कॉलवर मला "आपण कुठल्या?" असं विचारायचे. मी दर वेळी सांगायची, सातारच्या. "अरे वा, आम्हीही तिकडचेच." स्मृतिभ्रंश झालेले मोहन आगाशे त्या सिनेमात हत्तीमागे चालू लागतात तेव्हा किती खूश असतात! घरच्यांचा जीव टांगणीला, हे आपले मजेत. मग ती कानडी बोलणारी माहुताची बायको त्यांना सांभाळते आणि ते तिला आई म्हणतात. अमृता सुभाष काय दिसलीय त्यात! आमच्याकडे कामाला होत्या त्या मावशींनाही वडील आईच म्हणायचे. मी इथून दर महिन्याला पैसे पाठवायची.

हा लावू नका मात्र. मला तो सगळ्यांत बसून बघायचा नाही.

प्रेषक: यंदाच आलेला विद्यार्थी

'कोर्ट'. काका, त्यात गटारांपेक्षा तारखाच जास्त आहेत. बिनबाह्यांचा टॉप घातला म्हणून एका बाईचं प्रकरण न्यायाधीश पुढे ढकलतात, तिथे मी हसलो आणि मग वाटलं, हसण्यासारखं आहे का हे? गाणं म्हणून गटार साफ करणाऱ्या कामगाराला आत्महत्येला लावलं, असा आरोप एका म्हाताऱ्या शाहिरावर आहे. तो आत राहावा म्हणून गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील दिवसभर भांडते, मग मुलाला पाळणाघरातून घेते, घरी जाऊन स्वयंपाक करते. डिट्टो माझी आत्या. तिचा राग यायला हवा होता, आला नाही. अजून येत नाही.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

'सैराट' 174 मिनिटांचा आहे. उरलेल्या 6 मिनिटांत खुर्च्या आवरून होत नाहीत, म्हणून तो बाद. 'अस्तु' काकूंच्या सांगण्यावरून बाद. आता 'कट्यार', 'कोर्ट' आणि 'फँड्री' राहिले. रविवारपर्यंत मतं कळवा. 'किल्ला'ला कुणीच कसं विचारलं नाही याचं वाईट वाटलं, पण समितीला मत नाही.

प्रेषक: स्लाऊचे काका

राष्ट्रगीताला उभा राहिलेला मी होतो. गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, तरी. नंतर बसता येईना आणि हसताही येईना.

माझं मत 'फँड्री'ला धरा. चहा मध्यंतरातच हवा, शेवटी नको. शेवटी कुणी पीत नाही, मागच्या वेळी थर्मास भरलेलाच घरी नेला होता. आणि लॅपटॉप विभागाने केबलला हात लावू नये.