मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजी आणि जर्मन एकदम झेपेल का?

वाशी_पालक:
मुलगी बारावीपर्यंत मराठी माध्यमात होती, आता वाशीच्या कॉलेजात एफवायबीकॉमला आहे. पुस्तक वाचून कळतं, पण उत्तर लिहायला बसली की इंग्रजी वाक्य अर्ध्यावर तुटतं. शनिवार-रविवारच्या जर्मन ए१ (अगदी पहिली पातळी) वर्गाला जायचं म्हणते. घरचे म्हणतात, आधी इंग्रजी पक्कं कर. परीक्षेत नेमकं काय असतं तेही सांगा.

ठाणे_भाषावर्ग:
जाऊ द्या तिला. इंग्रजी कच्चं म्हणून जर्मन अडत नाही. अडतं ते जर्मन इंग्रजीवरून शिकायला गेलं की. मराठीवरून गेलं तर पुष्कळ गोष्टी आयत्या मिळतात.

आकडे बघा. पंचवीसला जर्मन म्हणतो 'फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश', म्हणजे पाच आणि वीस. आपल्या पंचवीससारखंच, एकक आधी. इंग्रजी 'ट्वेंटी फाइव्ह' डोक्यात धरून ऐकणारी मुलं २५ चे ५२ लिहितात, आणि श्रवणाच्या पेपरात भाव, वेळ, फोन नंबर हेच विचारतात. 'तू' आणि 'तुम्ही' हा फरकही तिथे आहे: 'डू' आणि 'झी'. तीन लिंगं आहेत. 'मला ते आवडतं' हे 'मिअर गेफेल्ट दास' असंच होतं, तिथेही 'मला'च.

पण मराठी दोन ठिकाणी दगा देते. एक, लिंग जुळेलच असं नाही: सूर्य आपल्याकडे तो, तिकडे ती ('दी झोनं'). म्हणून वहीत नाम एकटं लिहूच नये, देर-दी-दास (तो-ती-ते दाखवणारे शब्द) लावूनच लिहावं. दोन, साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर लागतं. आपली मुलं 'इश नाख वाशी गेहं' असं ते शेवटी टाकतात; हवं 'इश गेहं नाख वाशी' (मी वाशीला जाते). मात्र 'वाइल' (कारण) आलं की क्रियापद मराठीसारखं शेवटी जातं.

ए१ ला ऐकणं साधारण २० मिनिटं, वाचन २५, लेखन २०, तोंडी १५. एकूण १०० पैकी ६० ला पास. लेखनात एका फॉर्ममधल्या ५ रिकाम्या जागा आणि तीन मुद्दे धरून सुमारे ३० शब्दांचं पत्र. तीनपैकी एक मुद्दा विसरला की त्याचे गुण गेले; भाषा कितीही छान असो. ऐकण्याचा मधला भाग एकदाच वाजतो, आधीचा आणि शेवटचा दोनदा. परीक्षा मुंबईत काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात (गोएथे इन्स्टिट्यूट, जर्मन भाषेची संस्था) होते. वाशीहून हार्बरने सीएसएमटी, पुढे चालत.

कोपरी_इंग्रजी:
वरच्या उत्तराशी सहमत, पण इंग्रजी वाऱ्यावर सोडू नका. वाक्य तुटतं त्याचं कारण बहुतेक वेळा शब्दसंपत्ती नसते, क्रियापद असतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ते ठरायच्या आतच लिहायला सुरुवात होते. कर्ता आणि क्रियापद आधी दोन शब्दांत लिहायचं, 'डिमांड राइजेस', मग 'केव्हा', 'का' जोडायचं.

शब्द सुटे पाठ करू नयेत, जोडीने करावेत: 'इन्कर अ लॉस', 'बेअर द कॉस्ट'. अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं रोज एक पान घ्या, त्यातल्या पाच जोड्या वहीत, आणि त्याच पानावर पुस्तक मिटून चार वाक्यं. दुसऱ्या दिवशी पुस्तकाशी ताडून 'अ' आणि 'द' तपासा. मराठीत हा प्रकारच नाही, म्हणून चूक कानाला खटकत नाही. डोळ्यांनीच शोधावी लागते.

नेरुळ_एन४:
तिला जपानीचाही विचार करू द्या. वाक्यरचना मराठीसारखी, क्रियापद शेवटी, आणि 'ला', 'त' सारखे प्रत्यय नामाच्या मागे. एन५ ला, म्हणजे जपानीच्या पहिल्या परीक्षेला, १८० पैकी ८० लागतात, श्रवणात ६० पैकी किमान १९. तोंडी परीक्षा नाही. सुरुवातीचा घाट लिपीचा: हिरागाना ४६, काताकाना ४६, पुढे कांजी (चिनी चित्राक्षरं).

वाशी_पालक:
जर्मनच म्हणते आहे. इंग्रजी आणि जर्मन शब्दांची सरमिसळ होते का?

ठाणे_भाषावर्ग:
होते, आणि ठरलेल्या शब्दांतच होते. 'वो' म्हणजे कुठे आणि 'वेअर' म्हणजे कोण. इंग्रजीच्या बरोबर उलट. 'बेकोमेन' म्हणजे मिळणं, होणं नव्हे. 'गिफ्ट' म्हणजे विष. अशा शब्दांचं वेगळं पान ठेवा. एक सोय मात्र आहे: जर्मन झेडचा 'त्स' इंग्रजीवाल्यांना घोटवावा लागतो, आपण तो 'चाक', 'चमचा' म्हणताना रोज उच्चारतो.

आणि तोंडीत नावाची किंवा गावाची स्पेलिंग सांगायला लावतात, तिथे इंग्रजी अक्षरं तोंडात येतात. जर्मनमध्ये ए ला आ, ई ला ए, आय ला ई म्हणतात. वाशी: फाउ, आ, एस, हा, ई. जाधव असेल तर योट, आ, दे, हा, आ, फाउ. पहिल्या आठवड्यापासून हे म्हणायला लावा.