बाबांची किडनी, मावसभाऊ आणि नोनीची बाटली: काय करू?

अनुस्वार

थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

महिन्यापूर्वी माझा मावसभाऊ घरी एक बाटली ठेवून गेला. ७५० मिली, गडद जांभळा रस, वाइनच्या बाटलीसारखी उंच मान. आत चार फळं: नोनी, मँगोस्टीन, असाई, गोजी. सकाळी अनशापोटी एक झाकण, रात्री झोपताना एक झाकण. झाकण ३० मिलीचं. त्याने ती कंपनी 'जॉइन' केलीय, म्हणजे स्वतः घ्यायचं आणि आपल्या खाली माणसं जोडायची. तो लबाड असता तर मी बाटली त्याच दिवशी परत केली असती. पण त्याला अगदी आतून वाटतं की यानं बाबा बरे होणार.

बाबा ७१ वर्षांचे. क्रिएटिनिन (किडनी किती थकलीय ते दाखवणारा रक्तातला आकडा) दोन वर्षं २ च्या आसपास रेंगाळतंय. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू. फ्रिजच्या दारावर आहाराचा छापील कागद आहे, त्याच्या तळाला डॉक्टरांनी पेनाने लिहिलंय, 'फळांचे रस बंद'. तो कागद भावाला दाखवला. म्हणाला, "ताई, हा रस नाहीच. हे न्यूट्रिशन आहे."

आता गंमत ऐका. झाकण उघडलं की जुन्या चीजचा, खरं तर ओल्या मोज्यांचा वास येतो. आई स्वयंपाकघरातून उठून जाते. बाबांना वास कमी येतो, त्यामुळे ते मात्र आवडीने घेतात आणि वर बाटलीच्या तोंडाशी आलेला थेंब बोटाने पुसून चाटतात. मी विरोध केला की "त्यानं एवढ्या प्रेमानं आणलंय" हे ऐकावं लागतं.

माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात 'ओरॅक' असा एक आकडा आहे आणि खाली लिहिलंय की एका झाकणात कित्येक किलो सफरचंदांएवढे अँटिऑक्सिडंट (पेशींची झीज रोखतात म्हणतात ती द्रव्यं). हा आकडा काय असतो? नुसता फुगवलेला असेल तर मी गप्प बसते, दोन बाटल्या संपतील आणि विषय संपेल. पण बाबांना अपाय होणार असेल तर भांडायला माझी तयारी आहे.

जुना_ब्लेंडर

रस आणि पल्पच्या कारखान्यात माझी बावीस वर्षं गेली, त्यातली निम्मी ब्लेंडिंगच्या टाकीपाशी. म्हणून आधी बाटलीबद्दल सांगतो, तब्येतीचं जाणकार सांगतील.

बाटली फिरवा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. पुढच्या बाजूला चित्र कुणाचं आहे याला काही अर्थ नाही. बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन-तीन जागा पाणी, सफरचंदाचं कॉन्सन्ट्रेट आणि द्राक्षाचं कॉन्सन्ट्रेट यांनी पटकावलेल्या असतात. आमच्याकडे ७० ब्रिक्सचं (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) सफरचंद कॉन्सन्ट्रेट पिंपांनी यायचं, आटवून मधासारखं घट्ट केलेलं. कुठल्याही 'दुर्मिळ' फळाला हाच बेस. गोड, स्वस्त, आणि त्याला स्वतःची फारशी चव नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली एक प्रकरण गाजलं. एका बड्या कंपनीच्या 'डाळिंब-ब्लूबेरी' रसात डाळिंब ०.३ टक्के आणि ब्लूबेरी ०.२ टक्के होतं. सफरचंद आणि द्राक्ष मिळून ९९.४ टक्के. तक्रार करणारी कंपनी डाळिंबाचा रस विकणारी. गंमत म्हणजे तिच्याच आरोग्याच्या दाव्यांवरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिच्यावर वेगळी कारवाई केली होती, आणि त्यात ती हरली.

मँगोस्टीनचंही ऐका. ज्या झँथोन नावाच्या द्रव्यांची जाहिरात होते, ती मुख्यतः त्या फळाच्या जाड जांभळ्या सालीत असतात. आपण खातो त्या पांढऱ्या पाकळ्यांत फार थोडी. म्हणून 'संपूर्ण फळ' म्हणून सालीसकट पल्प करतात. साल तुरट, कडवट. ती चव दाबायला पुन्हा गोड बेस. चित्रात मात्र पांढऱ्याशुभ्र पाकळ्या.

असाईबद्दल माझ्या मनात आदर आहे, तो बाटलीतल्या असाईबद्दल नाही. अॅमेझॉनच्या मुखाकडे ते तिथल्या लोकांचं रोजचं अन्न आहे. ताडासारख्या झाडाचं बोराएवढं फळ, आत जवळजवळ सगळी बी, वर गराचा पातळ थर. तो गर पाण्यात कोळून दाट करतात आणि कसावा नावाच्या कंदाच्या पिठाबरोबर, तळलेल्या माशाबरोबर खातात. त्यात साखर नगण्य आणि तेल भरपूर. म्हणजे पोट भरणारी गोष्ट. तोडल्यावर दिवसभरात खराब व्हायला लागते, म्हणून बाहेर जाते ती गोठवून किंवा पावडर करून. पारदर्शक रस करायला गाळलं की तेलही जातं आणि गरही जातो. मग राहिलं काय? रंग. तोही गरम करताना आणि बाटलीत पडून असताना हळूहळू तपकिरी होत जातो.

आता ओरॅक. परीक्षानळीत एक चमकणारं द्रव्य घेतात, त्याला ऑक्सिडेशनने विझवायला लागतात, आणि तुमचा रस त्याला किती वेळ वाचवतो हे मोजतात. चाचणी खोटी नाही. पण ती नळीतली आहे, पोटातली नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांचा मोठा तक्ता प्रसिद्ध केला होता. २०१२ साली त्यांनी तो स्वतःच मागे घेतला. कारण सांगितलं की या आकड्यांचा माणसाच्या शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नाही आणि कंपन्या ते सर्रास जाहिरातीत वापरतात. त्या तक्त्यात अगदी वरच्या ओळींत लवंगेची पूड होती. आकड्यावरच जायचं तर रोज वाटीभर लवंग खायला हवी! आणि किलोकिलोची तुलना करताना बऱ्याचदा एका बाजूला वाळवलेली पावडर आणि दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेलं ताजं सफरचंद असतं. पाणी काढलं की कुणाचाही आकडा चढतो.

मंद_वारा

सगळं वाईटच असतं असं नाही हो. मी आठ महिने असाच एक रस घेतेय. सकाळचा थकवा गेला, त्वचा सुधारली, वजनही थोडं उतरलं. नैसर्गिक आहे, जास्त झालं तरी बिघडत नाही. आमच्या ह्यांनाही देते, त्यांची अँजिओप्लास्टी झालीय.

जुना_ब्लेंडर

@मंद_वारा, आठ महिन्यांपूर्वी अजून काय सुरू केलंत?

मंद_वारा

चालायला जाते. त्यांच्या शिबिरात सांगितलं होतं, रोज पाऊण तास. आणि रात्रीचं जेवण आठच्या आत. 😅 बरं, कळलं तुम्हाला काय म्हणायचंय ते.

जुना_ब्लेंडर

चिडवत नाहीये, खरंच. पण 'जास्त झालं तरी बिघडत नाही' हे मात्र सोडा. अँटिऑक्सिडंटच्या बाबतीत यावरच जगाने मोठा धडा घेतलाय. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं. कॅन्सर कमी होईल अशी सगळ्यांची खात्री. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. ते गोळीतलं द्रव्य होतं आणि ती माणसं मुख्यतः सिगारेट ओढणारी होती, म्हणून तुमच्या रसाला हे जसंच्या तसं लागू नाही. पण 'अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलंच, जितकं जास्त तितकं बरं' हे गणित तिथेच कोसळलं.

अजून एक, मला फार आवडणारी गोष्ट. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते, हे मोजून दिसतं. ओरेगॉनमधल्या संशोधकांनी खोदून पाहिलं तेव्हा कळलं की ती वाढ बहुतांशी फळातल्या त्या प्रसिद्ध द्रव्यांची नाही. फळातल्या फ्रुक्टोजमुळे रक्तात युरिक अॅसिड वाढतं आणि तेच अँटिऑक्सिडंट म्हणून मोजलं जातं. म्हणजे युरिक अॅसिड वाढून सांधे धरलेला गाऊटवाला पेशंट या हिशेबाने सर्वात तरुण!

रात्रपाळी

मी डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे. अनुस्वार, तुमच्या बाबांसाठी ओरॅक बिरॅक बाजूला ठेवा. शब्द एकच, पोटॅशियम. थकलेली किडनी ते नीट बाहेर टाकत नाही, आणि रक्तात फार चढलं की हृदयाला धोका.

नोनीचा रस पोटॅशियमच्या बाबतीत संत्र्याच्या किंवा टोमॅटोच्या रसासारखाच आहे. किडनीचा एक रुग्ण सगळं पथ्य पाळत होता तरी पोटॅशियम चढलेलं, शेवटी कळलं की तो घरी नोनी पितोय, अशी नोंद २००० सालीच वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याच्या रसात लिटरला साधारण २,२०० मिलिग्रॅम निघालं होतं.

हिशेब करू. ३० मिली म्हणजे ६५ मिलिग्रॅमच्या आसपास, दोन झाकणं १३०. मध्यम केळ्यात याच्या तिप्पट असतं. म्हणजे दोन झाकणांनी आकाश कोसळणार नाही, घाबरू नका. मला काळजी दोन गोष्टींची. एक, या रसांचे लोक 'फरक पडेपर्यंत वाढवा' म्हणतात, आणि दोनाची सहा झाकणं कधी होतात घरात कुणाला कळत नाही. दोन, टेल्मिसार्टन स्वतःच पोटॅशियम वर ढकलतं. किडनी अर्धी थकलेली, वर ही गोळी, म्हणजे भांडं आधीच काठापर्यंत भरलेलं.

आणि पोटॅशियम ओरडून सांगत नाही. आमच्याकडे माणूस चालत येतो, खुर्चीत बसून गप्पा मारतो, आणि रिपोर्ट येतो ६.८. मग सगळ्यांची पळापळ, ईसीजी, सलाईन. एका आजोबांना मी विचारलं, "काय काय खाल्लं?" म्हणाले, "काही नाही." सुनेने पिशवीतून बाटली काढून दाखवली. "ते औषध आहे, ते कुठे खाणं?" हेच वाक्य. तुमच्या भावाचं 'न्यूट्रिशन' त्यातलंच. रस म्हटलं असतं तर आजोबांनी सांगितलं तरी असतं.

जाता जाता, किडनी कमजोर असेल त्यांनी स्टारफ्रूट आणि त्याचा रस अजिबात नको. त्यात मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य असतं, निरोगी किडनी ते बाहेर टाकते, थकलेली टाकत नाही. पहिलं लक्षण बऱ्याचदा न थांबणारी उचकी. लोक साखर खात बसतात.

@मंद_वारा, ह्यांना रक्त पातळ करणारी गोळी कुठली? नाव बघून सांगा. वॉरफरिन असेल तर गोजी आजच बंद. गोजीबरोबर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा) चढल्याच्या नोंदी आहेत.

मंद_वारा

क्लोपिडोग्रेल आणि अॅस्पिरिन.

रात्रपाळी

मग वॉरफरिनवाला प्रश्न नाही. तरी पुढच्या भेटीला बाटली घेऊनच जा. नाव सांगू नका, बाटली टेबलावर ठेवा. डॉक्टरांना मागची बाजू वाचू दे.

अनुस्वार

आठवड्याने लिहितेय.

भिंग घेऊन लेबल वाचलं. पाणी, सफरचंद कॉन्सन्ट्रेट, द्राक्ष कॉन्सन्ट्रेट, नाशपाती, मग नोनी, मग मँगोस्टीन पल्प. असाई आणि गोजी पार शेवटी, आम्लता नियंत्रकाच्या शेजारी. पोटॅशियमचा उल्लेख कुठेच नाही. @जुना_ब्लेंडर, तुम्ही टाकी न बघता सांगितलंत.

रात्रपाळीताईंचं ऐकून रक्त तपासलं. पोटॅशियम ५.४. मागच्या वेळी ४.९ होतं. डॉक्टरांनी बाटली वाचली आणि म्हणाले, एका बाटलीवर सगळं खापर फोडता येणार नाही, बाबा टोमॅटोचं सूपही घेतायत, तेही बघू. पण हे बंद. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. बाबांनी तिथेच कबूल केलं की दुपारीही एक झाकण घ्यायचे, आईला कळू न देता.

मग भावाला बोलावलं. भांडायची तयारी केली होती, पण त्याला रिपोर्ट दाखवला आणि तो बराच वेळ काही बोललाच नाही. नंतर म्हणाला, "ताई, पलंगाखाली अजून तीन खोकी आहेत." घरचे पीत नाहीत, वासामुळे. त्याने ती स्वतःच्या पैशांनी उचललीयत, वरच्या माणसाने महिन्याचं टार्गेट पूर्ण कर म्हणून सांगितलं म्हणून. आता मला त्याचाच राग येईना.

न उघडलेल्या बाटल्या किती टिकतात? आणि त्या परत जातात का?

जुना_ब्लेंडर

सीलबंद बाटली तारखेपर्यंत टिकते, फक्त उजेडात ठेवू नका. उघडलेली फ्रिजमध्ये, आणि झाकण फुगलं किंवा फेस दिसला तर मोरीत.

परतीचं वेगळं आहे. त्याने सही केलेला कागद शोधायला सांगा. न उघडलेला माल परत घेण्याची मुदत त्यात लिहिलेली असू शकते, आणि ती खरेदीच्या तारखेपासून मोजतात. खोकी फोडायची नाहीत, पावती जपायची, आणि मागणी लेखी करायची. वरच्या माणसाशी फोनवर बोलत बसला तर तो अजून एक खोकं गळ्यात मारेल. तिसरं खोकं कधी घेतलंय?

अनुस्वार

एकोणीस दिवसांपूर्वी. कागद शोधायला सांगितलाय. पलंगाखालीच आहे म्हणतो, खोक्यांच्या मागे.